बातमी आधी फुटली

बुधवार, 25 ऑक्टोबर 2017, रात्री उशिरा

बार्सिलोनाच्या जुन्या शहरात सांत जाउमे नावाचा चौक आहे. चौकाच्या एका अंगाला महापालिका आणि बरोबर समोर जनरालितातचा वाडा. जनरालितात म्हणजे कॅटलोनियाचे स्वतःचे सरकार. त्या रात्री वाड्यातली बैठक संपता संपत नव्हती. अध्यक्ष कार्लेस पुजदेमोन, उपाध्यक्ष ओरिओल जुंकेरास, आधीचे अध्यक्ष आर्तुर मास, मंत्री, आमदार, चळवळीतल्या संघटनांची माणसे, सगळे बसले होते. शुक्रवारी माद्रिदमध्ये स्पेनची सिनेट भरणार होती आणि राज्यघटनेचे कलम 155 वापरायला केंद्र सरकारला मुभा देणार होती. हातात दीड दिवस उरला होता.

कलम 155 म्हणजे काय हे आपल्याला लवकर कळते, कारण आपल्या घटनेत 356 आहे. राज्याचा कारभार केंद्राने हातात घेणे आपल्याकडे इतक्या वेळा झाले आहे की राष्ट्रपती राजवट हा शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. स्पेनमध्ये तसे नव्हते. 1978 च्या घटनेत हे छोटेसे कलम घातले गेले आणि पुढच्या 39 वर्षांत ते एकदाही लागू झाले नाही. आवश्यक ते उपाय सरकारने करावेत, इतकेच ते सांगते. ते उपाय प्रत्यक्षात कसे दिसतात हे त्या वाड्यात बसलेल्यांपैकी कोणीच पाहिलेले नव्हते.

बैठकीपुढे दोन वाटा होत्या. 1 ऑक्टोबरच्या सार्वमताचा कौल हाती धरून प्रजासत्ताक जाहीर करायचे, किंवा विधानसभा स्वतःच बरखास्त करून निवडणूक लावायची. दुसऱ्या वाटेने गेले तर 155 ला कारणच उरणार नाही, संस्था वाचतील, लोकांकडे पुन्हा जाता येईल. पहिल्या वाटेच्या टोकाला काय आहे ते कोणी मोठ्याने बोलत नसले तरी वाड्यात एक आठवण कायम वावरत असते. 6 ऑक्टोबर 1934 रोजी याच वाड्याच्या सज्जातून लुईस कुंपान्यस यांनी कॅटलान राज्य जाहीर केले होते. ते राज्य एक रात्रही टिकले नाही. पुढे फ्रान्कोच्या राजवटीने 1940 मध्ये मोंझुइकच्या किल्ल्यात त्यांना गोळ्या घातल्या. कुंपान्यस वकील होते आणि पत्रकारही होते.

गुरुवार, 26 ऑक्टोबर, पहाट

मध्यरात्र उलटून गेल्यावर पुजदेमोन यांचे मन निवडणुकीकडे वळले. 20 डिसेंबर ही तारीख बोलली गेली. सगळ्यांना पटले असे नाही. जुंकेरास यांच्या पक्षातून, विशेषतः मार्ता रोव्हिरा यांच्याकडून कडवा विरोध होता. पण अध्यक्षांचा कल ठरला आणि माणसे झोपायला गेली.

या माणसाचा कल कसा घडला हे पाहण्यासारखे आहे. जिरोना प्रांतातल्या आमेर या छोट्या गावात 29 डिसेंबर 1962 रोजी त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा पाव आणि केकचा. आठ भावंडे. फ्रान्को मेला तेव्हा कार्लेस अजून तेरा वर्षांचेही झाले नव्हते, म्हणजे शाळेची बहुतेक वर्षे अशा काळात गेली जेव्हा घरात बोलायची भाषा सरकारी कागदावर, वर्गात आणि वर्तमानपत्रात चालत नव्हती. पुढे ते कॅटलान भाषेचा अभ्यास करायला जिरोनाला गेले आणि तो अर्धा टाकून ‘एल पुंत’ या नव्या दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागले. हे दैनिक 1979 मध्ये जिरोनातच निघाले होते आणि कॅटलानमध्ये छापले जात होते. त्या काळात कॅटलान दैनिकातल्या मुद्रितशोधकाचे काम ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यापुरते नसावे असे मला वाटते. जवळपास चाळीस वर्षे दैनिकांतून हद्दपार झालेली भाषा रोजच्या बातमीत पुन्हा कशी वापरायची, हे त्या टेबलावर रोज रात्री ठरत असणार. पुजदेमोन यांचे राजकारण कुठून आले असे कोणी विचारले तर मी कोणत्याही पक्षाच्या कचेरीआधी त्या टेबलाकडे बोट दाखवीन.

तिथेच ते मुख्य उपसंपादकाच्या जागेपर्यंत चढले. 1994 मध्ये त्यांचे एक पुस्तक आले, कॅटलोनिया जगातल्या वर्तमानपत्रांना कसा दिसतो याविषयी. नावातच प्रश्न होता: ‘काता... काय?’ परदेशी माणसाला आपल्या देशाचे नाव एका दमात उच्चारता येत नाही, ही बोच त्यात आहे. 1999 पासून त्यांनी कॅटलान वृत्तसंस्था चालवली, मग जिरोनाचे सांस्कृतिक केंद्र, मग 2004 मध्ये ‘कॅटलोनिया टुडे’ हे इंग्रजी नियतकालिक. पत्नी मार्सेला तोपोर याही पत्रकार, मूळच्या रुमानियाच्या. त्रेचाळिसाव्या वर्षी, 2006 मध्ये, ते आमदार झाले. 2011 मध्ये जिरोनाचे महापौर झाले तेव्हा तिथली समाजवाद्यांची 32 वर्षांची सत्ता संपली.

अध्यक्षपद तर त्यांच्याकडे घड्याळ मोजत आले. सप्टेंबर 2015 च्या निवडणुकीनंतर स्वातंत्र्यवाद्यांकडे बहुमत होते, पण डाव्या कूप पक्षाला आर्तुर मास नको होते. तीन महिने घोळ चालला. 10 जानेवारी 2016 च्या मध्यरात्रीपर्यंत अध्यक्ष निवडला नाही तर पुन्हा निवडणूक, अशी मुदत होती. आदल्या दिवशी, शनिवारी, मास बाजूला झाले आणि त्यांनी जिरोनाच्या महापौरांचे नाव घेतले. रविवारी रात्री मतदान झाले. 70 विरुद्ध 63, दोन तटस्थ. डेडलाइनच्या काही मिनिटे आधी पान सोडणाऱ्या माणसाला पद मिळाले तेही तसेच. 18 महिन्यांत देशाला स्वातंत्र्याच्या दारापर्यंत नेईन, असे सांगून ते आले होते.

सत्तरचा हा आकडा लक्षात राहू द्या.

सकाळी 11 च्या सुमारास

बातमी फुटली. अध्यक्ष निवडणूक जाहीर करणार, असे आधी एका-दोघांनी दिले आणि अर्ध्या तासात ते सगळीकडे झाले. माद्रिदचा शेअर बाजार वर गेला. तीन आठवड्यांपूर्वी सबादेल बँकेने आपले नोंदणीकृत कार्यालय आलिकान्तेला आणि काशाबँकेने वालेन्सियाला हलवले होते. त्या बँकांच्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

पण अध्यक्षांनी अजून काही जाहीर केलेले नव्हते. ते अजून वाटाघाटीत होते, आणि वाटाघाटी फोनवरून तिसऱ्याच माणसामार्फत चालल्या होत्या. बास्क प्रांताचे प्रमुख इन्यिगो उर्कुयु जुलैपासून बार्सिलोना आणि माद्रिद यांच्यात निरोप पोचवत होते. पंतप्रधान मारियानो राहोय यांचे सरकार अल्पमतातले होते आणि बास्क पक्षाची पाच मते त्यांना हवीहवीशी होती, म्हणून उर्कुयु यांचा फोन तिकडे उचलला जात असे. पुजदेमोन यांना हवी होती हमी. मी निवडणूक लावतो, तुम्ही 155 थांबवा, आणि तुरुंगात टाकलेल्या दोन संघटना-प्रमुखांबद्दल काहीतरी करा. राहोय यांनी अशी हमी दिली नाही. 155 वापरायला पंतप्रधान फारसे उत्सुक दिसत नव्हते, असे उर्कुयु यांनी पुढे फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात साक्षीत सांगितले. राहोय यांनी त्याच न्यायालयात कोणी मध्यस्थ होता हेच मान्य केले नाही. ज्या धाग्यावर सगळे लोंबकळत होते तो किती बारीक होता, ते या दोन साक्षींत दिसते.

निर्णय पक्का होण्याआधी बातमी बाहेर पडली की काय होते, हे ज्याने कधी रात्रपाळी केली आहे त्याला सांगावे लागत नाही. बातमी निर्णयाची जागा घेते. लोक निर्णयावर बोलत नाहीत, बातमीवर बोलतात. पुजदेमोन यांच्याइतके हे कोणाला माहीत असणार? वीसेक वर्षे ते या बाजूला बसले होते.

दुपारी 12

माद्रिदच्या संसदेतले जुंकेरास यांच्या पक्षाचे खासदार गाब्रिएल रुफियान यांनी ट्विटरवर तीन शब्द टाकले: चांदीची 155 नाणी. ख्रिस्ती देशात याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणाऱ्या जुदासशी त्यांनी आपल्याच अध्यक्षांची तुलना केली होती, आणि नाण्यांचा आकडा बदलून कलमाचा केला होता.

पाठोपाठ पुजदेमोन यांच्या स्वतःच्या पक्षातले दोन आमदार, जुर्दी कुमिनाल आणि आल्बेर्त बाताया, यांनी ट्विटरवरच जाहीर केले की निवडणूक लागली तर आम्ही आमदारकी आणि पक्ष दोन्ही सोडतो. विद्यार्थ्यांचा संप त्याच दिवशी होता आणि त्यांचा मोर्चा शहरात फिरतच होता. तो सांत जाउमे चौकात आला. तीन आठवड्यांपूर्वी मतदान केंद्रांपुढे पोलिसांचे दंडुके खाल्लेली माणसे त्यांच्यात होती. खिडकीखाली घोषणा सुरू झाल्या: पुजदेमोन गद्दार.

या तरुणांवर रागवावे असे मला वाटत नाही. त्यांना 1 ऑक्टोबरला सांगितले गेले होते की तुम्ही राष्ट्र घडवत आहात. शाळांमध्ये रात्रभर झोपून त्यांनी मतपेट्या राखल्या. सार्वमतात सुमारे 20 लाख 44 हजार मते हो म्हणून पडली, दिलेल्या मतांच्या 90 टक्के. मतदान मात्र 43 टक्के होते, म्हणजे स्पेनमध्ये राहू इच्छिणारे बहुतेक घरीच बसले होते. तरुणांना पहिला आकडा दिसत होता. दुसऱ्या आकड्याची आठवण करून देणे हे नेत्याचे काम होते, आणि ते सप्टेंबरपासून कोणी धडपणे केले नव्हते. सत्तरेक आमदारांच्या बळावर 6 आणि 7 सप्टेंबरच्या अधिवेशनांत दोन कायदे रेटून मंजूर झाले. एक सार्वमताचा, दुसरा नव्या प्रजासत्ताकाकडे जाण्याचा. कॅटलोनियाचा स्वतःचा स्वायत्ततेचा कायदा बदलायला 135 पैकी 90 मते लागतात. त्याहून कितीतरी मोठी गोष्ट सत्तरेक मतांत होईल असे लोकांना वाटू दिले गेले.

10 ऑक्टोबरला तर विचित्र प्रकार झाला होता. रस्त्यावर मोठे पडदे लावून लोक बसले होते. पुजदेमोन यांचे भाषण तासभर उशिरा सुरू झाले. सार्वमताने दिलेला कौल मी स्वीकारतो असे ते म्हणाले, टाळ्या सुरू झाल्या, आणि काही सेकंदांत, लोकांनी आठ मोजले, त्यांनी तो कौल बोलणी होण्यासाठी स्थगित ठेवायची सूचना केली. 1991 मध्ये स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर करून तीन महिने थांबवले होते, ते उदाहरण डोळ्यांसमोर होते. पण स्लोव्हेनियाच्या वेळी युरोप मध्ये पडला होता. इथे युरोप माद्रिदकडे बोट दाखवून गप्प बसला. त्या आठ सेकंदांत ज्यांचे चेहरे फुलून पडले, तेच लोक आज चौकात होते.

दुपारी 1.30

अध्यक्ष या वेळेला निवेदन करणार होते. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. चौकात कॅमेऱ्यांची गर्दी. अध्यक्ष आले नाहीत. निवेदन तासभर पुढे ढकलल्याचे कळवण्यात आले.

दुपारी 2.30

अध्यक्ष आले नाहीत. निवेदन रद्द.

बारा ते अडीच या वेळात वाड्यात काय झाले त्याच्या प्रत्येक पक्षाच्या वेगळ्या कहाण्या आहेत. एक गोष्ट मात्र शपथेवर सांगितलेली आहे. पुजदेमोन यांनी आपल्याला कळवले की आता पुढे जाता येत नाही, चौकात माणसे जमली आहेत आणि माझेच आमदार बंड करत आहेत, असे उर्कुयु यांनी न्यायालयात सांगितले.

मला इथे थांबावेसे वाटते, कारण पुढची सगळी हानी याच वेळेतून निघाली असे माझे मत आहे. शुक्रवार मोठा दिवस म्हणून इतिहासात जाईल, पण शुक्रवारी करायला काही उरलेच नव्हते. गुरुवारी दीड ते अडीचच्या दरम्यान पुजदेमोन गॅलरीत येऊन, गद्दार म्हणून घेत, निवडणूक लागली असे म्हणू शकले असते. हमी नव्हती हे खरे. राहोय यांनी तरीही 155 लावले असते का? सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचे एकहाती बहुमत होते, लावलेही असते. पण निवडणूक जाहीर केलेल्या सरकारला बडतर्फ करायला त्यांना जगापुढे नवे कारण शोधावे लागले असते, आणि त्यांचे साथीदार समाजवादी त्यांच्याबरोबर राहिले असते की नाही याची मला शंका आहे. माद्रिदने एक वाक्य द्यायला हवे होते, तेही त्यांनी दिले नाही. राहोय यांचा हा कोरडेपणा मला अक्षम्य वाटतो. जवळपास सहा वर्षे हा प्रश्न त्यांनी न्यायालयांच्या दारात नेऊन टाकला आणि स्वतः बोलले नाहीत. तरीही ओढायची दोरी त्या दुपारी बार्सिलोनात होती, माद्रिदमध्ये नव्हती.

पुजदेमोन भ्याले असे मी म्हणणार नाही. ज्याला तुरुंगाची भीती वाटते तो निवडणूकच लावतो. त्यांना वेगळ्या गोष्टीची भीती वाटली असावी. आयुष्यभर ज्या लोकांची भाषा शुद्ध करून छापली, त्या लोकांच्या तोंडी आपल्या नावापुढे गद्दार हा शब्द. पत्रकार असा शब्द मथळ्यात बसलेला पाहतो तेव्हा तो इतरांपेक्षा जास्त खोल वाचतो.

संध्याकाळी 5

वाड्याच्या गॉथिक गॅलरीत ते शेवटी उभे राहिले. पाचेक मिनिटांचे निवेदन. निवडणूक लावायची माझी तयारी होती, हमी मिळाली असती तर लावली असती, ती मिळाली नाही. आता निर्णय विधानसभेने करायचा. इतकाच त्याचा आशय. कपाळावर आलेले ते प्रसिद्ध केस, गडद सूट, थकलेला आवाज.

अध्यक्षाचा एक अधिकार असा होता जो फक्त त्याच्या सहीने चालत होता: विधानसभा बरखास्त करणे. तो वापरायच्या दिवशी त्यांनी तो विधानसभेकडे सोपवून दिला.

रात्री

विधानसभा सुरू झाली. चर्चेत नवे काही निघाले नाही. त्याच रात्री उद्योगमंत्री सांती व्हिला यांनी राजीनामा दिला. बोलणी व्हावीत म्हणून ते शेवटपर्यंत धडपडत होते, त्यांना निवडणूक हवी होती.

शुक्रवार, 27 ऑक्टोबर, सकाळी 10

माद्रिदमध्ये राहोय सिनेटपुढे उभे राहिले. दुसरा मार्ग उरलेला नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. एका देशातल्या 75 लाख लोकांचे निवडलेले सरकार काढून टाकायच्या दिवशी टाळ्या का वाजवाव्यात, हे मला तेव्हाही कळले नाही.

दुपार

बार्सिलोनाची विधानसभा सिउतादेया बागेत आहे. 1714 मध्ये शहर जिंकल्यावर पाचव्या फिलिपने ते धाकात ठेवायला जो कोट बांधला, त्यातले शस्त्रागार म्हणजे ही इमारत. त्या कोठारात आज कॅटलोनियाचे आमदार बसतात.

ठरावावर बोलायला पक्षोपक्षांचे लोक उठले. पुजदेमोन बोलले नाहीत. ज्या ठरावाने देश जन्माला येणार होता त्या ठरावावर अध्यक्ष सभागृहात एक शब्द बोलले नाहीत. मतदान गुप्त ठेवले गेले, कारण कोणी हो म्हटले हे कळले तर खटला होईल ही भीती होती. विरोधातले तीन पक्ष उठून बाहेर गेले. एकेक आमदार पेटीपाशी येऊन चिठ्ठी टाकू लागला. डाव्या आघाडीतल्या काहींनी आपली नकाराची चिठ्ठी कॅमेऱ्यापुढे धरून दाखवली.

दुपारी 3.27

सभापती कार्मे फुर्कादेल यांनी निकाल वाचला. बाजूने 70, विरोधात 10, कोऱ्या 2. 135 पैकी 53 जणांनी मत दिलेच नव्हते. पुन्हा तेच सत्तर. एकवीस महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी जेवढे होते तेवढेच. मधल्या काळात सार्वमत झाले, पोलिसांचे हल्ले झाले, राजाने दूरदर्शनवर कठोर भाषण केले, लाखो लोक दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आले, आणि सभागृहातला आकडा जिथल्या तिथेच राहिला.

आमदारांनी उभे राहून ‘एल्स सेगादोर्स’ हे राष्ट्रगीत म्हटले. टाळ्या होत्या, पण चेहरे आनंदाचे नव्हते. त्या दिवसाची छायाचित्रे कधी पाहिलीत तर जुंकेरास आणि पुजदेमोन यांच्या तोंडाकडे पाहा. बाहेर जिन्यावर गावोगावचे महापौर हातातल्या मानाच्या काठ्या उंचावून स्वातंत्र्याच्या घोषणा देत होते. जिरोनाचे महापौर असताना तशीच काठी पुजदेमोन यांच्या हातात होती.

आणखी एक गोष्ट, जी त्या जिन्यावर फार थोड्यांच्या लक्षात आली असेल. प्रजासत्ताकाची घोषणा ठरावाच्या प्रस्तावनेत होती. ज्यावर मते पडली तो मजकूर त्याच्या खालचा होता. आणि ती घोषणा जनरालितातच्या राजपत्रात कधीच प्रसिद्ध झाली नाही. मुद्रितशोधक म्हणून सुरुवात केलेल्या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मजकूर छापायला गेलाच नाही.

दुपारी 4 नंतर

सिनेटचा निकाल: 214 बाजूने, 47 विरोधात, 1 तटस्थ.

युरोपीय परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांनी ट्विटरवर लिहिले की युरोपीय संघासाठी काहीही बदललेले नाही, आम्ही स्पेनशीच बोलू. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका, सगळ्यांनी तेच सांगितले. एकाही देशाने नव्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली नाही. 1994 च्या पुस्तकातला प्रश्न तेवीस वर्षांनी असा परत आला. यावेळी जगाला कॅटलोनियाचे नाव नीट उच्चारता येत होते. जगभरच्या वाहिन्या त्या बागेत उभ्या होत्या. पण नाव कळणे आणि राज्य म्हणून मानणे यांत किती अंतर असते, ते एका दुपारीत दिसले.

रात्री 8.20 च्या सुमारास

मंत्रिमंडळाची बैठक संपवून राहोय पत्रकारांपुढे आले. कॅटलोनियाचे अध्यक्ष आणि सगळे मंत्री बडतर्फ. विधानसभा बरखास्त. 21 डिसेंबरला निवडणूक.

जी निवडणूक पुजदेमोन गुरुवारी दुपारी 20 डिसेंबरला लावू शकले असते, ती राहोय यांनी शुक्रवारी रात्री 21 डिसेंबरला लावली. एका दिवसाचा फरक. मधल्या तीस तासांत सरकार गेले आणि विधानसभा दुसऱ्याच्या सहीने गेली. शेकडो वर्षांची परंपरा सांगणारी संस्था माद्रिदच्या उपपंतप्रधानांच्या हाताखाली आली.

रात्री उशिरा

सांत जाउमे चौकात हजारो लोक नाचत होते. गाणी चालली होती. सगळ्यांचे डोळे वाड्याच्या सज्जाकडे आणि वरच्या ध्वजकाठीकडे होते. स्पेनचा झेंडा खाली उतरेल आणि अध्यक्ष सज्जात येतील, म्हणून माणसे थांबली. कोणी आले नाही. झेंडा उतरला नाही. रात्र चढत गेली तसा चौक रिकामा होत गेला.

मध्यरात्रीनंतर स्पेनच्या राजपत्राने बडतर्फीचे आदेश प्रसिद्ध केले.

शनिवार, 28 ऑक्टोबर, दुपारी 2.30

पुजदेमोन यांचा संदेश दूरदर्शनवर लागला. आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेला, जिरोनातून. शांततेने, लोकशाही मार्गाने विरोध करा, असे ते सांगत होते. त्याच वेळी ते जिरोनाच्या गल्ल्यांतून फिरत होते, लोक हात मिळवत होते, आणि नंतर ते जेवायला बसले. आपल्याच शहरात, आपल्याच लोकांत. तिथे ते अजून अध्यक्ष होते.

रविवार, 29 ऑक्टोबर

पहाटे तीन वाजता स्पेनची घड्याळे हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. दिवसा बार्सिलोनात स्पेनच्या एकतेसाठी मोठा मोर्चा निघाला. संध्याकाळी जिरोनाच्या फुटबॉल संघाने आपल्या मैदानावर रेआल माद्रिदला 2-1 असे हरवले. पुजदेमोन यांनी संघाचे अभिनंदन केले.

त्यानंतर कधीतरी ते गाडीने सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले. मार्सेयहून विमानाने ब्रसेल्स.

सोमवार, 30 ऑक्टोबर

सकाळी त्यांच्या इन्स्टाग्रामवर वाड्याच्या अंगणातून दिसणाऱ्या आकाशाचे छायाचित्र आले, खाली सुप्रभात लिहिलेले. पत्रकार वाड्याकडे धावले. अध्यक्ष आत नव्हते.

त्याच सकाळी नियोजन आणि पर्यावरण खात्याचे मंत्री जोसेप रुल मात्र नेहमीसारखे कचेरीत आले. बडतर्फ झालेले असूनही खुर्चीत बसले, टेबलावरचा फोटो लोकांना पाठवला, थोड्या वेळाने उठून गेले. दुपारपर्यंत महाभियोक्ता होसे मानुएल मासा यांनी माद्रिदमध्ये तक्रार दाखल केली होती: बंड, राजद्रोह आणि सार्वजनिक पैशाचा गैरवापर. बंडाची शिक्षा 30 वर्षांपर्यंत. पुजदेमोन ब्रसेल्समध्ये आहेत हे जगाला कळले.

तीन दिवसांनी, गुरुवारी 2 नोव्हेंबरला, जुंकेरास, रुल आणि आणखी सात मंत्री माद्रिदच्या न्यायालयात हजर झाले. संध्याकाळी आठ जणांना जामिनाशिवाय तुरुंगात पाठवले गेले. नववे होते सांती व्हिला. बरोबर एका आठवड्यापूर्वी, निवडणूक लावा म्हणत ज्यांनी राजीनामा दिला, ते. त्यांना जामीन मिळाला, पण ती रात्र त्यांनीही तुरुंगातच काढली.